ॲलिसन बाल्फोर, ऑर्कनी १५९४: कबुली कशी काढली आणि कोर्टात ती कशी पडली

स्कॉटलंडमधल्या चेटकिणींच्या खटल्यांवर काहीही वाचायला घ्या, छळाचा विषय निघाला की ॲलिसन बाल्फोरचं नाव येतंच. ती ४८ तास यंत्रात, म्हातारा नवरा ५० स्टोनच्या लोखंडात, मुलाच्या पायावर ५७ घाव, ७ वर्षांच्या मुलीची बोटं चापात. हे आकडे शेकडो वेळा छापून आलेत. ते आले कुठून, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. तिला दोषी ठरवणाऱ्या कागदांत ते नाहीत. तिला मारल्यावर दीड वर्षाने एडिंबरामध्ये एका उमरावावर खटला उभा राहिला, तेव्हा त्याच्या बाजूने ते कोर्टापुढे मांडले गेले. ॲलिसनने काय सोसलं हे आज आपल्याला कळतं, कारण एका बड्या घरच्या माणसाला स्वतःची मान सोडवायला ते उपयोगी पडलं. हे प्रकरण नीट समजून घ्यायचं तर या टोकापासून सुरुवात करावी लागते.

भाऊबंदकी

ऑर्कनी म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडचा बेटांचा समूह. मूळचा नॉर्वेच्या ताब्यातला, १४६८ मध्ये तारण म्हणून स्कॉटिश राजाकडे आला आणि परत गेलाच नाही. सोळाव्या शतकाच्या शेवटीही तिथे जुने नॉर्स कायदे चालत होते. ही बेटं स्ट्यूअर्ट घराण्याच्या अर्लच्या (अर्ल ही वरच्या दर्जाच्या उमरावाची पदवी) हातात होती. पहिला अर्ल रॉबर्ट हा राजा पाचव्या जेम्सचा अनौरस मुलगा. तो १५९३ मध्ये वारला आणि त्याचा मुलगा पॅट्रिक अर्ल झाला. सहावा जेम्स, म्हणजे तेव्हाचा राजा, नात्याने त्याचा आतेभाऊ. जमीन, करवसुली, जहाजं आणि न्यायदान, सगळं पॅट्रिकच्या मुठीत होतं. आरोप करणारा आणि न्यायाचं आसन ज्याच्या हुकमतीत तो, दोघं एकच, ही गोष्ट पुढच्या प्रत्येक पायरीवर लक्षात ठेवायची आहे.

पॅट्रिकचा धाकटा भाऊ जॉन. त्याला ‘मास्टर ऑफ ऑर्कनी’ म्हणत, म्हणजे गादीचा पुढचा वारस. पॅट्रिकला औरस मूल नव्हतं. पॅट्रिक मेला तर फायदा कोणाचा, याचं उत्तर शोधायला कोणाला लांब जावं लागत नव्हतं. १५९४ मध्ये पॅट्रिकने उघड आरोप केला की जॉन आपल्या जिवावर उठला आहे. जॉनचा एक नोकर टॉमस पॅपली याच्याजवळ विष सापडल्याचं सांगण्यात आलं, आणि चौकशी त्याच्यापासून सुरू झाली.

इथे १५६३ चा स्कॉटिश चेटूकविरोधी कायदा बघावा लागतो. या कायद्याने चेटूक करणाऱ्याला मृत्युदंड होता, आणि चेटूक करणाऱ्याकडे सल्ल्यासाठी किंवा मदतीसाठी जाणाऱ्यालाही तोच दंड होता. प्रत्यक्षात सल्ला घेणाऱ्यांवर फारसे खटले झाले नाहीत; गावोगावी लोक जाणत्या बायकांकडे जातच होते. पण उमरावाला अडकवायचं असेल तर हे दुसरं कलम हातात तयार होतं. राजाच्या नात्यातल्या माणसाने सख्ख्या भावाला विष घालायचा बेत केला हे सिद्ध करायला भक्कम पुरावा हवा. तो चेटकिणीकडे गेला होता हे सिद्ध करायला मात्र आधी एक सिद्ध झालेली चेटकीण लागते. ॲलिसन बाल्फोरला दोषी ठरवण्याची गरज इथून निर्माण झाली. माझ्या मते या प्रकरणाचा कणा हाच आहे, आणि ‘अंधश्रद्धेचा बळी’ एवढ्या दोन शब्दांत ते गुंडाळलं की नेमका तोच निसटतो.

मेणाचा गोळा

पॅपलीकडून जे काढलं गेलं त्यात ॲलिसनचं नाव होतं. ती स्टेनेस भागात राहणारी, उपचार करणारी बाई. तिच्यावर आधीचा कोणताही गुन्हा नव्हता. तिच्याजवळ मेण मिळालं. तिने नंतर दिलेला खुलासा साधा आहे: स्टेनेसचे जमीनदार पॅट्रिक बेलंडेन यांनी ते मेण दिलं होतं, बायकोच्या पोटशूळावर लेप करायला. मेण वितळवून त्यात औषधी मिसळायची, कापडावर पसरायचं आणि ते कापड दुखऱ्या जागेवर बांधायचं. त्या काळच्या घरगुती वैद्यकात असा लेप अगदी नेहमीचा.

मग मेणावरून एवढं का पेटावं? कारण तीन-चार वर्षांपूर्वीच, १५९०-९१ मध्ये, नॉर्थ बेरिकचे खटले झाले होते. राजाचं मेणाचं बाहुलं करून त्याचा नाश चिंतल्याचा आरोप त्यात ॲग्नेस सॅम्प्सन या सुईणीवर ठेवला गेला आणि तिला एडिंबरामध्ये मारलं गेलं. खुद्द सहाव्या जेम्सने तिची चौकशी केली होती. त्यानंतर अर्लच्या वैऱ्याशी नाव जोडलेल्या बाईच्या घरात मेणाचा गोळा सापडला की त्याचा अर्थ आधीच ठरलेला असे. दुसरी गोष्ट, बेलंडेन आणि ऑर्कनीचे स्ट्यूअर्ट यांचं जमिनीवरून जुनं वैर होतं. म्हणजे मेण दिलं कोणी, हा तपशीलही अर्लच्या दृष्टीने निरुपद्रवी नव्हता.

कर्कवॉलचा किल्ला

चौकशी ऑर्कनीचं मुख्य शहर कर्कवॉल, तिथल्या किल्ल्यात झाली. ती चालवली हेन्री कोलव्हिल याने. हा ऑर्फर इथला पाळक, म्हणजे चर्चचा माणूस, पण वागणुकीने अर्लचा कारभारी.

पॅपलीबद्दल जे मांडलं गेलं ते असं: ११ दिवस आणि ११ रात्री त्याला ‘कॅशिलॉज’ नावाच्या छळयंत्रात ठेवलं, १४ दिवस दिवसातून दोनदा पाय दाबणारे ‘बूट’ चढवले, उघडं करून दोरखंडांनी इतकं फोडलं की अंगावर कातडी आणि मांस राहिलं नाही. त्या अवस्थेत त्याने जे सांगितलं ती ‘कबुली’.

ॲलिसनला कॅशिलॉजमध्ये ४८ तास ठेवलं. तिच्या समोर नवरा होता, ऐंशी ओलांडलेला, ५० स्टोन वजनाच्या ‘लांब बेड्यां’त अडकवलेला. आजच्या ब्रिटिश मापाने एक स्टोन म्हणजे १४ पौंड. हिशेब केला तर ७०० पौंड, म्हणजे ३०० किलोंच्या वर. पुष्कळ ठिकाणी हे ‘छातीवर वजन ठेवून चिरडलं’ असं लिहिलेलं दिसतं. मूळ शब्द तसे नाहीत. इतक्या वजनाच्या लोखंडात त्याला ठेवलं, एवढंच तिथे म्हटलं आहे. छातीवर वजन रचण्याची पद्धत इंग्लंडच्या कायद्यातली, आणि तिचा उपयोगही वेगळ्या कामासाठी, आरोपी कोर्टात उत्तर द्यायलाच नकार देतो तेव्हा.

मोठ्या मुलाला बूट घातले. बूट म्हणजे पायाभोवतीचं मजबूत आवरण. पाय आणि आवरण यांच्यामध्ये पाचर बसवायची आणि हातोड्याने ठोकायची. प्रत्येक घावाला पाचर खाली जाते आणि नडगी दाबली जाते. त्यामुळे बुटांचा छळ घावांनी मोजला जातो, तासांनी नाही. ५७ हा आकडा म्हणूनच इतका नेमका आहे. लहान मुलीला ‘पिलीविंक्स’ लावले. हा बोटांचा चाप: दोन पट्ट्यांमध्ये बोटं घालायची आणि स्क्रू आवळायचा. मुलगी ७ वर्षांची होती.

कॅशिलॉज काय होतं? नाव कागदात आहे, रचनेचं वर्णन नाही. पाय लोखंडी आवरणात घालून ते आवरण तापवायचे, असं नंतरच्या लेखकांनी दिलेलं वर्णन सगळीकडे फिरतं. ते नंतरचं आहे, हे ध्यानात ठेवूनच वाचावं. १५९४ च्या घटनेबद्दल पक्कं विधान एवढंच करता येतं की त्यातून ॲलिसनला अनेकदा मेल्यासारख्या अवस्थेत बाहेर काढलं गेलं.

या सगळ्यात जी आखणी आहे ती क्रूर तर आहेच, पण विचारपूर्वकही आहे. बाई स्वतः यंत्रात. तिच्यासमोर नवरा, मुलगा आणि मुलगी. जोडीला कोलव्हिलचं आश्वासन: कबूल कर, तुझा जीव वाचेल. तिने कबूल केलं.

कबुलीला लागणारी दुसरी सही

आता कायद्यातली खाच. रोमन परंपरेतून आलेल्या युरोपीय कायद्यात छळ हा चौकशीचा मार्ग म्हणून मानला जाई, पण छळात बोललेलं तेवढ्यावर पुरत नसे. छळ थांबल्यावर, यंत्रापासून दूर, माणसाने तेच पुन्हा आपणहून सांगायला हवं. स्कॉटलंडमधल्या कायदेपंडितांना हा नियम चांगला ठाऊक होता. शिवाय तिथे छळाची परवानगी देण्याचा अधिकार राजाच्या खासगी मंडळाचा, प्रिव्ही कौन्सिलचा, मानला जाई. स्थानिक सत्ताधाऱ्याने परस्पर यंत्रं चालवणं ही पळवाट होती. राजधानीपासून इतक्या दूर, समुद्रापलीकडे, ती सहज निभत होती.

ॲलिसनवर खटला चालला, ती दोषी ठरली, शिक्षा झाली. शिक्षा नेहमीचीच: खांबाला बांधून गळा आवळायचा आणि मग प्रेत जाळायचं. १६ डिसेंबर १५९४ ला तिला कर्कवॉलच्या शिक्षेच्या टेकडीवर नेलं.

तिथे कोलव्हिलने तिला विचारलं: तू आधी दिलेल्या जबाबावर ठाम आहेस ना?

हा प्रश्न सहज विचारलेला नाही. मरणाच्या दारात माणूस खोटं बोलत नाही, अशी त्या काळची धारणा; तिथे सगळ्यांदेखत ‘हो’ आलं असतं तर कबुलीला लागणारी दुसरी सही मिळाली असती, आणि जॉनविरुद्धचा पुरावा पक्का झाला असता. नोटरी तिथे हजर होता आणि लिहून घेत होता. बाई तर मरणारच होती, मग ‘नाही’ म्हणून तिला काय मिळणार, हा हिशेब बहुधा कोलव्हिलने केला असावा.

तिने नाही म्हटलं. नोटरीच्या कागदातला तिचा जबाब असा: पहिला जबाब दिला तेव्हा आपल्याला कॅशिलॉजमध्ये वारंवार छळलं होतं, अनेकदा त्यातून मेलेल्या अवस्थेत बाहेर काढलं होतं, बरंवाईट कशाचीच शुद्ध उरली नव्हती. नवरा खोड्यात (पाय अडकवायच्या लाकडी चौकटीत) होता, मुलाला बूट घातले होते, मुलीला पिलीविंक्स लावले होते. आणखी छळ टळावा म्हणून, आणि पाळकाने जीव वाचवण्याचं वचन दिलं म्हणून, आपल्या आत्म्याविरुद्ध आणि सदसद्विवेकाविरुद्ध खोटी कबुली दिली. चेटकाच्या बाबतीत आपण पाच वर्षांच्या पोरासारखे निर्दोष मरतो आहोत. मेणाचा खुलासाही तिने तिथेच दिला.

तिचं हे बोलणं कागदावर जपून वाचलं तर त्याची बांधणी लक्षात येते. ती नुसती ‘मी निर्दोष’ असं ओरडत नाही. आधी स्वतःची अवस्था सांगते, मग घरच्यांची, मग वचन, मग कबुली कुठल्या कारणाने दिली ते, आणि शेवटी सापडलेल्या वस्तूचा खुलासा. कबुली बाद ठरवायला वकील जे मुद्दे मांडेल ते सगळे त्यात आहेत. नोटरीने आपल्या भाषेत ते नीटनेटकं केलं असेल हे धरूनही, त्यातली वस्तुस्थिती तिनेच सांगितलेली आहे. कर्कवॉलमध्ये डिसेंबरच्या मध्याला दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. लोक जमलेले, जाळायची लाकडं तयार, आणि छळ करवणारा माणूस समोर उभा राहून प्रश्न विचारतोय. अशा जागी इतका स्पष्ट जबाब देणाऱ्या बाईबद्दल मला अपार आदर वाटतो.

शिक्षा थांबली नाही. पॅपलीनेही मरताना आपला जबाब मागे घेतला होता.

जाळण्याचा खर्च

अशा शिक्षेत प्रत्यक्ष काय लागे हे ॲबरडीन शहराच्या हिशेबांतून कळतं. जेनेट विशर्ट आणि इझोबेल कॉकर या दोघींना १५९७ मध्ये तिथे मारलं, त्याचा खर्च ओळीने लिहिलेला आहे: पीट म्हणजे जळणाच्या दलदली मातीचे २० भारे, ४० शिलिंग, कोळशाचं एक माप, २४ शिलिंग, डांबराची ४ पिंपं, २६ शिलिंग ८ पेन्स, खांब आणि तो रोवणं, १६ शिलिंग, दोर ४ वाव, ४ शिलिंग, सामान टेकडीवर नेण्याचा खर्च, जल्लादाला १३ शिलिंग ४ पेन्स. (सगळे स्कॉटिश शिलिंग, इंग्लिश चलनाच्या मानाने त्यांची किंमत बरीच कमी.) दोर हा गळा आवळण्यासाठी. स्कॉटलंडमध्ये ‘जिवंत जाळलं’ असं सरसकट लिहिणं म्हणूनच चूक आहे. तसंही घडलं, पण तो अपवाद.

जून १५९६: तोच कागद उलट्या दिशेने

२४ जून १५९६ ला जॉन स्ट्यूअर्ट एडिंबराच्या फौजदारी कोर्टात उभा राहिला. आरोप: मोठ्या भावाच्या नाशासाठी चेटकिणीशी मसलत केली. आरोपात ‘चेटकीण’ म्हणून जिचं नाव होतं ती अठरा महिन्यांपूर्वी राख झालेली. काही ठिकाणी तिचं नाव मार्गारेट असंही येतं. दोन वेगळ्या बायका नाहीत, एकच.

जॉनच्या बाजूने मांडणी सरळ होती. ज्या कबुलीवर आरोप उभा आहे ती छळातून काढलेली; आणि ती छळानंतर कायम तर राहिली नाहीच, उलट मरताना, नोटरीसमोर, जाहीरपणे मागे घेतली गेली. पॅपलीच्या कबुलीचंही तेच. तास, स्टोन, घाव, मुलीचं वय हे सगळे आकडे या बचावात येतात. नोटरीच्या १५९४ च्या कागदात आकडे नाहीत. तिथे नवरा ‘खोड्यात’ आहे, आणि १५९६ मध्ये तो ‘५० स्टोनच्या लांब बेड्यांत’. त्यामुळे बचावातले आकडे खोटे ठरत नाहीत; इतके नेमके आणि पडताळता येण्याजोगे तपशील विरोधी पक्षासमोर उगाच कोणी ठेवत नाही. पण ते एका वकिली मांडणीचा भाग आहेत, छळाच्या जागी बसून केलेली नोंद नव्हे, हे कळत असणं बरं.

जूरीने जॉनला निर्दोष सोडलं.

पॅट्रिकने आखलेली साखळी अशी तुटली: पॅपलीच्या जबाबातून ॲलिसन, ॲलिसनच्या कबुलीतून जॉन. शेवटचा दुवा कच्चा राहिला, कारण टेकडीवर तिने हो म्हटलं नाही. जॉनला जीव मिळाला, पुढे १६२८ मध्ये अर्ल ऑफ कॅरिक ही पदवीही मिळाली. त्याच्या सुटकेने ॲलिसनचा निकाल मात्र फिरला नाही. तो प्रश्न त्या कोर्टापुढे कोणी आणलाच नव्हता. तिची कबुली जॉनला दोषी ठरवायला अपुरी ठरली, तिला मारायला मात्र पुरली होती.

खटल्यानंतर काही आठवड्यांत, जुलै १५९६ मध्ये, हेन्री कोलव्हिलचा शेटलंडमध्ये खून झाला, जॉनच्या बाजूच्या माणसांकडून. याला कोणी ॲलिसनचा न्याय म्हणू नये. ती भाऊबंदकीचीच पुढची फेरी होती. पॅट्रिक पुढे राजाच्या मर्जीतून उतरला, तुरुंगात गेला. त्याच्या अनौरस मुलाने १६१४ मध्ये ऑर्कनीत बंड केलं, त्यात कर्कवॉलचा किल्ला वेढा पडून नंतर पाडला गेला, आणि १६१५ मध्ये एडिंबराला पॅट्रिकचं मुंडकं उडवलं. सेंट मॅग्नस कॅथेड्रलसमोर हा किल्ला होता. आज तो उभा नाही.

हे प्रकरण वापरताना

ॲलिसनचं उदाहरण ‘स्कॉटलंडमध्ये असंच चालायचं’ म्हणून दिलं जातं, आणि तिथे घोटाळा होतो. एडिंबरा विद्यापीठाच्या सर्वेक्षणात चेटकाचे ३,८३७ आरोपी नावानिशी किंवा नोंदीने सापडतात, त्यात सुमारे ८४ टक्के बायका. त्यातल्या बहुतेकींच्या वाट्याला बूट किंवा कॅशिलॉज आले नाहीत. त्यांच्यासाठी झोप तोडणं पुरेसं होतं. आरोपीला रात्रंदिवस जागं ठेवायचं, पाळीपाळीने माणसं बसवायची. दोन-तीन रात्रींनंतर भास सुरू होतात, माणूस प्रश्नातलाच मजकूर उत्तर म्हणून परत देऊ लागतो. अंगावर खूण राहत नाही, आणि नोंद बहुधा ‘आपणहून कबूल केलं’ अशी होते. यंत्रांचा वापर उघड दिसतो तो ॲलिसनसारख्या, राजकारण गुंतलेल्या प्रकरणांत. म्हणून एखाद्या खटल्यात यंत्राचा उल्लेख नसला तर ‘छळ नव्हता’ असं म्हणू नये. आरोपी किती दिवस कोठडीत होती, पहारा कोणाचा होता आणि कबुलीच्या तारखा किती जवळजवळ आहेत, ते आधी तपासावं.

दुसरं, चर्च विरुद्ध वैदू असं सरधोपट चित्र इथे बसत नाही. कोलव्हिल पाळक होता खरा, पण तो वागला अर्लच्या नोकरासारखा. ॲलिसनच्या औषधोपचारांवर कोणाचा आक्षेप होता म्हणून तिला धरलं नाही. तिचे उपचार हे आरोप जोडायला सोयीचं टोक होतं.

कर्कवॉलमध्ये ‘गॅलोहा’ या नावाच्या जागी ९ मार्च २०१९ ला एक दगड बसवला गेला, तिथे मारल्या गेलेल्यांच्या नावाने, ऑर्कनीच्या बोलीत ‘ती साधी माणसं होती’ अशा अर्थाच्या ओळीसह. स्कॉटलंडच्या तेव्हाच्या फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन यांनी ८ मार्च २०२२ ला संसदेत माफी मागितली, आणि चर्च ऑफ स्कॉटलंडने त्याच वर्षी मे महिन्यात. १५६३ चा कायदा १७३६ पासून रद्द आहे.

ॲलिसनबद्दल लिहिताना दोन्ही कागद वेगळे ठेवावेत: १६ डिसेंबर १५९४ चा नोटरीचा कागद तिच्या शब्दांसाठी, आणि २४ जून १५९६ चा बचाव आकड्यांसाठी. पहिल्यात जे नाही ते तिच्या तोंडी घालू नये.